वेल्डिंग मारलेला ड्रमसेट

माझ्याकडे येणारा प्रत्येक ड्रमवाला आधी आवाजाचं रडगाणं गातो. "भाऊ, टॉम घुमत नाई." "भाऊ, स्नेअर फुटक्या डब्यासारखा वाजून राह्यला." मी ऐकून घेतो आणि विचारतो, "बसता कशावर?" माणूस माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, असं त्याला वाटत असणार. तेही खरंच आहे म्हणा, पण प्रश्न बरोबर असतो.

वर्ध्याला स्टेशनच्या अलीकडे माझं दुकान. पाटीवर 'वाद्य दुरुस्ती' लिहिलंय, पण लोक मला ड्रमवाले भाऊ म्हणतात. ढोलकी, नाल, तबला सगळं केलं, नाव मात्र ड्रमसेटनं झालं. आता दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं. पुढे कंबर साथ देत नाही. जन्मभर लोकांना कसं बसावं ते शिकवलं आणि स्वतः तेलाच्या पालथ्या पिप्यावर बसून काम केलं. बायको म्हणते, "लोकायले शायनपना शिकवता आन् सोता पिप्यावर बसता." यावर काय बोलणार? गप्प बसतो, पिप्यावरच.

ज्यांनी ड्रमसेट फक्त लांबून पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाली आडवा ठेवलेला मोठा ढोल असतो, तो उजव्या पायानं पेडल दाबून वाजवायचा. दोन गुडघ्यांच्या मध्ये स्नेअर, त्याच्या बुडाला तारांची पट्टी असते, म्हणून तो तडतडतो. मोठ्या ढोलावर दोन लहान ढोल, म्हणजे टॉम. बाजूला उभ्या पाइपावर पितळी झांजा, त्यांना आमचे लोक सिंबल म्हणतात. एवढा सगळा पसारा एका माणसानं दोन हात, दोन पायांनी सांभाळायचा. म्हणून पहिलं काम स्टूल. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, मांडी गुडघ्याकडे थोडी उतरती पाहिजे. स्टूल जमलं की पेडल, मग स्नेअर, मग बाकीचं. लोक उलटं करतात. आधी झांजा उंच लावतात, कारण त्या चमकतात.

मग सूर. ड्रमला सूर असतो हे सांगितलं की पेटीवाले हसतात. हसू देत. कडेनं नट असतात, ते चावीनं पिळायचे. एक पिळला की त्याच्या बरोबर समोरचा पिळायचा, गाडीचं चाक बसवताना करतात तसं. ओळीनं गोल गोल पिळत गेलात तर कातडं एका अंगाला ओढलं जातं आणि ढोल रडका वाजतो. प्रत्येक नटापाशी बोटानं टिचकी मारून ऐकायचं. सगळीकडून एकच आवाज आला की झालं. पुन्हा आमच्याकडचं ऊन! दुपारी टेम्पोत पडलेला सेट संध्याकाळी उतरवला की कातडी सादळलेल्या पापडासारखी ढिली पडलेली असतात. तेव्हा घाई करायची नाही, सेट गार होऊ द्यायचा. कार्यक्रमवाले डोक्यावर नाचत असतात, "भाऊ, करा नं लवकर, आमदार येऊन राह्यले." येऊ दे बाप्पा. आमदार आला म्हणून कातडं ताठ होत नाही.

एक सांगतो, यात थोडा गर्व आहे. मी बसवलेलं पेडल कधी सरकलं नाही. स्प्रिंग ढिली झाली, कार्यक्रमात पाय घसरला, अशी तक्रार माझ्या नावावर एकही नाही. गायक, ऑर्केस्ट्राचे मालक, सगळ्यांना हे माहीत आहे.

गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची. सिंदी रेल्वे गावचे एक कापसाचे व्यापारी, पन्नाशी उलटलेले. त्यांना ड्रम शिकायचं वेड लागलं. वेड चांगलं, पण शेठाणीबाईंचं डोकं दुखायला लागलं. कोणीतरी त्यांना सांगितलं, की मोठ्या ढोलात उशी ठेवली की आवाज दबतो. बरोबर सांगितलं. एक लहान उशी, कातड्याला जेमतेम टेकेल अशी, मग धमधम घुमत नाही, 'धप' असा नेमका आवाज येतो. शेठजींनी काय केलं, ढोल उघडून आख्खा कापूस ठासून भरला. रुई नव्हे, सरकीसकट कापूस! काही दिवसांनी मला बोलावणं आलं. पाहतो तर पुढच्या कातड्याला हे एवढं भगदाड. सरकी खायला उंदीर शिरले होते. आत बाळंतपण झालं होतं.

"शेठजी," मी म्हटलं, "जनम गेला तुमचा कापसात. सरकीले उंदीर येते हे तुमाले मी सांगू?"

"अवो भाऊ, घरचाच होता, म्हणून भरला," शेठजी म्हणाले. "पण आवाज कसा दबला होता सांगू, एकदम मस्त. शेठानी झोपे दुपारची."

तर असं. हसलो, साफ केलं, नवं कातडं चढवलं, उंदरांची पिल्लं नोकरानं परसात नेऊन सोडली. असे किस्से लोकांना आवडतात. पण आता थकल्यावर दुकानात बसलो की शेठजी आठवत नाहीत, वामनमास्तरांचा सेट आठवतो.

वामनमास्तर अल्लीपूरचे. शाळेचे मास्तर नव्हेत, ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणारे, मान म्हणून सगळे मास्तर म्हणत. सहा फुटांच्या वर उंची, हात गुडघ्यापर्यंत. त्यांचा सेटही तसाच. स्टूल उंच, टॉम उंच, सिंबल तर डोक्याच्याही वर. मास्तरांचा हात वर जायचा आणि झांजेवर पडायचा, ते पाहायला लोक चंद्रपूर, यवतमाळहून येत. स्वभाव मात्र विस्तव. एकदा कुणी त्यांच्या सिंबलचा पाइप चार बोटं हलवला, तर मास्तर स्टेजवरून उतरून चालू लागले. हातापाया पडून परत आणावं लागलं. आमच्यात रीतच होती. उस्तादाच्या सेटला आधी हात लावून पाया पडायचं, मग बसायचं, आणि उस्तादाची सेटिंग हलवायची नाही. एखाद्या दिवशी बदली म्हणून बसलात तर तसेच अवघडून वाजवा आणि उठा. एका दिवसाला ते ठीक होतं.

मग मास्तरांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. त्यांच्या जागी त्यांची मुलगी सुनंदा बसायला लागली. लहानपणापासून बापाच्या मागे बसून शिकलेली, हात पक्का. लग्न गावातच झालेलं, नवऱ्याचं किराणा दुकान, त्याची काही आडकाठी नव्हती. पण उंची आईची घेतलेली, पाच फूटही भरत नसेल. ती मास्तरांच्या सेटवर बसली की लोकांना सिंबलच्या मागे केसातला गजरा तेवढा दिसायचा. तिलाही पुढचं काही दिसत नसे. तरी वाजवायची अशी, की ऑर्केस्ट्राची पार्टी टिकली ती तिच्यामुळेच.

दुर्गा उत्सव जवळ आला होता. सुनंदा बसनं वर्ध्याला माझ्या दुकानात आली.

"काकाजी, स्नेअर बराबर बोलून नाई राह्यला. येऊन पाहून देता का?"

मी चहा मागवला. तिनं पेला डाव्या हातानं उचलला. जन्माची उजव्या हाताची पोरगी.

"उजव्या हाताले काय झालं व?"

"काई नाई जी."

"मी इथं काय भाजी इकून राह्यलो? सांग."

तिचे डोळे भरले. खांदा वर जात नव्हता. वेणी घालायला सासूला सांगावं लागत होतं. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक तर वाजवणं सोड नाहीतर बसणं बदल, नाहीतर हा हात कायमचा जाईल. तिनं हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मंग बसनं बदल नं पोरी! त्यात काय हाये? मी येतो, सगळं खाली करून देतो."

"बाबाची सेटिंग हाये जी ते," ती म्हणाली. "बाबाले सांगू नोका, काकाजी."

दोन दिवसांनी मी अल्लीपूरला गेलो. सेट ओसरीवर मांडलेला होता. मी पिशवीतून पाना काढला, स्टुलाला लावला. हलेना. टॉमच्या पाइपाला लावला, तोही हलेना. वाटलं गंज असेल. चष्मा पुसून पाहिलं तर प्रत्येक जोडावर काळा डाग, वर वितळलेल्या लोखंडाचा गोळा.

"हे काय व?"

"वेल्डिंग मारली जी," सुनंदा खाली मान घालून म्हणाली.

झालं असं होतं. टेम्पोत हादरे बसून पाइप सरकायचे. मास्तर धडधाकट होते तोवर ते डोळे मिटून पुन्हा लावायचे. लकवा झाल्यावर सुनंदाला धास्ती बसली. एकदा सेटिंग हलली तर परत कोण सांगणार? बाबांना हात उचलून दाखवता येत नाही, धड बोलता येत नाही. तिनं आधी नेलपॉलिशच्या खुणा केल्या, त्या पुसल्या गेल्या. मग तिनं गावातला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा वेल्डर बोलावला आणि मास्तरांच्या मापावर सगळे पाइप कायमचे डागून घेतले.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. "अवो, ड्रमसेट हाये का नांगर हाये? जन्मात पाह्यलं नाई असं काई!"

माझं लक्ष खाली गेलं. पेडलजवळ दोन बोटं जाड तळव्याच्या चपला ठेवलेल्या होत्या, उजवीचा पंजा पार झिजलेला. उंच स्टुलावरून पाय पोचावा म्हणून ती त्या घालून, स्टुलाच्या कडेवर अर्धवट टेकून वाजवत होती. मी पाना खाली ठेवला. राग कुठल्या कुठे गेला, नुसता थकवा आला.

"कापा लागन हे सगळं, सुनंदा. गिरमिट नाई, पाना नाई, थेट ग्राइंडर."

"मंग राहू द्या काकाजी. मी अशीच वाजवीन."

"किती दिवस?"

"बाबा हाये तवरीक," ती हळूच म्हणाली. "त्यायच्यासमोर कशी कापू? एवढंच तं राह्यलं त्यायचं."

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. दार उघडंच होतं, मास्तर आतल्या खाटेवर होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुनंदा पांढरी पडली. आत जाऊन धरून धरून त्यांना बाहेर घेऊन आली आणि सेटसमोर खुर्चीत बसवलं. मला ते स्टेजवरून उतरलेले मास्तर आठवत होते. म्हटलं, आता फुटणार फटाका. पण या वयात आडून आडून बोलायचाही कंटाळा येतो.

"मास्तर," मी सरळ सांगितलं, "पोरीचा खांदा चाललाय. हात जाईन तिचा. तुमचा सेट कापा लागते."

ते सेटकडे पाहत राहिले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शेवटी आला.

"काप."

"बाबा!" सुनंदा म्हणाली. "तुमची सेटिंग हाये नं ते!"

"माह्यी... कुठली? मालकाची."

एकेक शब्द ओढून काढत त्यांनी जे सांगितलं, ते मी नीट करून लिहितो. पहिल्या ऑर्केस्ट्राचा मालक त्यांना म्हणाला होता, गायक पुढे उभे राहतात, ड्रमवाला मागे झाकला जातो, लोकांना तुझे हात दिसले पाहिजेत. त्यानं सगळं उंच चढवून घेतलं. मास्तर उंच होते म्हणून निभलं. पण उंच माणसालाही खांदा असतोच.

"माह्या बी... दुखे. लय दुखे."

"मंग खाली काऊन नाई केलं जी?" मी विचारलं. इतकी वर्षं त्यांचा सेट सुरात लावला होता मी. त्यांच्या अंगाला कायम निलगिरीच्या तेलाचा वास यायचा, मला वाटायचं सर्दीचा कोठा असेल.

मास्तरांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. "लोकं म्हने... मास्तरचा हात काय उठते!"

सुनंदानं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं रडली. मास्तर डाव्या हातानं तिच्या त्या दुखऱ्या खांद्यावर थोपटत होते. मी उगाच पिशवीत काहीतरी शोधत बसलो.

दुसऱ्या दिवशी वेल्डर तोच बोलावला. "लावाले बी मीच, काढाले बी मीच," म्हणत त्यानं ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडायला लागल्या तशी सुनंदा स्वयंपाकघरात गेली आणि आवाज थांबेपर्यंत बाहेर आली नाही. मास्तर मात्र शेवटच्या पाइपापर्यंत पाहत बसले. मी दुकानातून दुसरे पाइप नेले होते, ते बसवले. मग सुनंदाला चपला काढायला लावल्या, हातात वाजवायच्या काड्या दिल्या, स्टूल एवढं खाली घेतलं, की तिचे पाय सपाट टेकले.

"आता डोळे मीट आन् हात सोड. खांदा उचलू नोको. पडू दे काडी कुठं पडते ते."

काडी जिथं पडली तिथं स्नेअर आणला. मग टॉम, मग सिंबल, तिचा हात आपसूक जाईल तिथं. हे माझं सगळं शास्त्र, यापेक्षा जास्त काही नाही. कातडीही बदलली. मास्तरांचा घाव भारी, त्यांना जाड आणि ताठ कातडं लागे. हिचा घाव हलका, तिला पातळ कातडं, थोडं सैल, म्हणजे कमी जोरात भरून बोलेल. पेडलची स्प्रिंग तिच्या पायाच्या ताकदीनं लावली आणि नट दोनदा तपासला.

तिनं वाजवून पाहिलं. फार काही जमलं नाही.

"सगळं चुकून राह्यलं जी. हात हवेतच जाते."

"जाऊ दे हवेत. उत्सवाले वेळ हाये. रोज बसजो."

उत्सवात गावच्या देवीसमोर संध्याकाळी कार्यक्रम होता. मला कुठं जायचा हुरूप उरलेला नाही, पण गेलो. मास्तरांना पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, अंगावर शाल. मी मागे मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो, बसलो असतो तर उठलो नसतो. पडदा सरकला आणि लोकांत कुजबुज झाली. ड्रमच्या मागे पहिल्यांदाच सुनंदाचं आख्खं तोंड दिसत होतं. पहिली दोन गाणी तिनं अशी वाजवली, की माझा मला अभिमान वाटला. खांदा खाली, मनगट मोकळं, प्रत्येक ढोल आपापल्या सुरात.

तिसरं गाणं चढ्या लयीचं. सुरुवात बरोबर झाली आणि मग लय पडायला लागली. हळूहळू, जाणकाराच्याच लक्षात येईल अशी. गायकानं एकदा मागे वळून पाहिलं, दुसऱ्यांदा हातानं 'पुढे घे' अशी खूण केली. लय काही वर येईना. पूर्ण पार्टी तिच्यामागे रेंगाळत गाणं ओढत होती. पायाचा ढोल मागे पडतोय म्हणजे पेडल. माझं पेडल सरकलं! तेही या पोरीच्या नव्या सेटिंगच्या पहिल्या कार्यक्रमात, मास्तरांच्या समोर. मध्यंतर झालं तसा मी कमरेचा विचार न करता स्टेजमागून चढलो आणि पेडलपाशी वाकलो.

"स्प्रिंग ढिली झाली का व? थांब, पाना आनलाय म्या."

"पेडल बराबर हाये, काकाजी."

मी हातानं दाबून पाहिलं. खरंच बरोबर होतं. "मंग खांदा दुखला?"

"नाई जी. जराबी नाई."

"मंग लय काऊन पाडली तू?"

तिनं समोर हनुवटी केली. त्या खाली घेतलेल्या सिंबलच्या वरून पहिली ओळ स्वच्छ दिसत होती. मास्तर खुर्चीत बसले होते. गाणं संपून गेलं होतं, तरी त्यांचा डावा हात मांडीवर ठेका देत होता, सावकाश, मागे पडत.

"आज पह्यल्यांदा बाबा दिसले जी मले वाजवताना," सुनंदा म्हणाली. "त्यायचा हात तेवढाच चालते. मी पुढं गेली असती तं ते चुकले असते नं."

तेवढ्यात गायक तणतणत आला. मोठा नावाजलेला, नागपूरहून आणलेला. "ये ड्रम को क्या हो गया भाऊ? पूरे गाने की वाट लग गई!"

सुनंदानं तोंड उघडलं. मी तिच्याआधी बोललो.

"पेडल सरकलं होतं साहेब. बसवताना माह्याच्यानं राह्यलं. वय झालं आता."